सूतभर कमी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. माझ्या अंगावर एकही आकडा नाही. टेबलावर इवल्याशा सैनिकांची लढाई खेळणाऱ्या सुतारकाकांनी मला मोजून सहा इंच कापलं, कारण त्या खेळात घोडदळ एका चालीत सहा इंचच जातं. तुकडीच्या पुढच्या कडेला मला टेकवायचं आणि तीच कड माझ्या दुसऱ्या टोकाशी आणायची, झाली चाल! टेप उलगडा, वाका, आकडा वाचा, ही कटकटच नाही. अकरा वर्षं खेळाच्या मंडळात माझं कौतुक झालं. काकांना मात्र स्पर्धा एकदाही जिंकता आली नाही.

यंदा ते अंतिम सामन्यात पोहोचले. समोर नर्सताई होत्या. डाव सुरू होताच ताईंच्या टेपची स्प्रिंग अडकली.

"ही घ्या ताई, वेळ कशाला घालवता?" म्हणत काकांनी मला पुढे केलं. मग दोघांचीही घोडी माझ्याच मापाने धावू लागली. ताईंचं घोडदळ काकांच्या टेकडीपाशी येऊन केसभर अलीकडे अडलं, तेव्हा मी मनातून खूश झाले. काकांची माणूस ना मी!

शेवटचं मिनिट उरलं. काकांच्या घोड्यांनी ताईंचं निशाण गाठलं की स्पर्धा त्यांची. त्यांनी मला टेकवलं, घोडी पुढे आणली. निशाण केसभर लांब राहिलं. 

"नाही पोचली, काका," ताई हळूच म्हणाल्या.

पंचांनी खिशातला टेप माझ्याशेजारी धरला. "अहो, ही पट्टीच सूतभर कमी आहे. इंचाचा आठवा भाग! पुरे सहा इंच धरले तर घोडी पोचतात. जिंकलात तुम्ही!"

दर स्पर्धेआधी काका माझी टोकं पॉलिशपेपरने घासत. त्या मायेनेच मी झिजले होते. काकांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"थांबा. ताईंची घोडीपण हिच्यावरच चालली. टेकडीशी ती अशीच अडली, तेव्हा त्यांना कुणी सूत वाढवून दिलं? मग मला एकट्याला नको."

"हातातोंडाशी आलेला घास सोडताय, काका!" पंच म्हणाले.

"सोडतोय खरा," काका म्हणाले आणि घंटा वाजली. ते हरले. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मापावर नुसती माया करू नका, त्याला अधूनमधून तपासत जा. कितीतरी डाव मी खोटं बोलत होते, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.