लाल-पिवळी नव्हती

काजवालीच्या घरातून औषधाची एक गोळी कधी कचऱ्यात गेली नाही, आणि याचा तिला केवढा अभिमान! डॉक्टर सात दिवसांच्या गोळ्या लिहून देत आणि ताप तिसऱ्या दिवशीच उतरे. मग चौथ्या दिवशी गोळी कशाला घ्यायची, असा तिचा सरळ सवाल. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण लोक दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतात, ही बाई ती शब्दशः पाळत होती. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात जात.

तिचा नवरा कपडे बेतायचा. गल्ली त्याला मास्तर म्हणे. खाली दुकान, वर दोन खोल्या. मास्तरांनी बेतायचं, कारागिराने शिवायचं आणि हिने काज करून बटणं लावायची, अशी तीस वर्षांची वाटणी. बटणांची तिची शिस्त अशी की पांढरी एका बरणीत, काळी दुसरीत, आणि तपकिरीतही फिकट-गडद वेगळं. गोळ्यांचंही तिने तसंच लावून ठेवलं होतं. पाकिटं जागा फार खातात म्हणून ती गोळ्या सोलून काढायची आणि रंगाप्रमाणे छोट्या बाटल्यांत भरायची. नाव, तारीख, बारीक अक्षरातल्या सूचना, सगळं त्या चंदेरी कागदाबरोबर केरात जायचं.

“पांढरी लांबट घशाला, पिवळी बारीक खाजेला, निळी-पांढरी पोटाला,” ती पाढे म्हटल्यासारखी सांगे. गल्लीतल्या बाया साखर उसनी न्यावी तशा तिच्याकडून गोळ्या उसन्या नेत आणि डॉक्टरकडून आणल्या की मोजून परत करत. समोरची इस्त्रीवाली तर म्हणायची, “डॉक्टर काय, दोन तास बाकावर बसवून ठेवतो. आमची काजवाली उभ्या उभ्या बरं करते.” हे ऐकून काजवाली नुसती हसायची, पण त्या दिवशी तिच्या हातून काज जरा जास्तच नीट व्हायचे.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर डोकं आपटून घ्यायची.

“आई, ती अँटिबायोटिक्स आहेत, शेंगदाणे नाहीत मूठभर वाटायला. एकाची दुसऱ्याला द्यायची नसतात. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचीही नसतात.”

“बरं बाई.”

“तो डबा फेकलास का?”

“फेकला गं, केव्हाच,” काजवाली म्हणाली, आणि आवाज जाऊ नये म्हणून झाकण हळूच लावलं.

एका बाबतीत मात्र ती फार कडक होती. बावीस वर्षांपूर्वी मास्तरांना खोकल्यासाठी एक कॅप्सूल दिली होती आणि सकाळी त्यांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर रागावले होते. “हे औषध यांना पुन्हा कधी नाही,” असं बजावून त्यांनी ते लिहूनही दिलं होतं. कागद मागितला तेव्हा काजवालीने पिशवीत हाताला लागलं ते चिटोरं पुढे केलं होतं. ते पुढे कुठे गेलं कुणास ठाऊक. पण कॅप्सूल तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. अर्धी लाल, अर्धी पिवळी. त्या दिवसापासून तिने लाल-पिवळी घरात येऊ दिली नाही. इस्त्रीवालीने एकदा तसल्या चार परत आणल्या, तर हिने त्या उंबऱ्यावरूनच माघारी पाठवल्या.

त्या रविवारी सकाळी मास्तरांची दाढ ठणकायला लागली. गाल सुजून असा झाला की डोळा अर्धा मिटला. दातांचे डॉक्टर सोमवारी भेटणार होते. एका गिऱ्हाइकाचा कोट बेतायचा राहिला होता, म्हणून दुकान बंद असूनही मास्तर खाली टेबलाशी उभे होते. एका हातात खडू, दुसरा हात गालावर.

“अहो, उद्यापर्यंत कळ काढत बसणार का? माझ्या घशाच्या गोळ्या उरल्यात. सुजेवर चालतात.”

“मला ती चालत नाही ती ही नव्हे ना?”

“ती लाल-पिवळी होती. ही पांढरी आहे. एवढं कळतं मला.”

मास्तर जगात कुणाच्या मापावर विश्वास ठेवत नसत. गिऱ्हाइकाने छाती बेचाळीस म्हणून सांगितलं तरी स्वतःची टेप काढल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसत. त्यांनी हिच्या हातातली गोळी घेतली, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि पाण्याबरोबर गिळून टाकली.

दहा मिनिटांनी ते तळहात खाजवू लागले. मग मान. काजवालीला वाटलं, कापडातला काही कण असेल. तिने वर जाऊन डब्यातली पिवळी बारीक आणली आणि दिली. खाजेवरची होती ना! आणि जिन्याच्या पायरीवर शांतपणे बसून राहिली, गुण येईल म्हणून वाट बघत. ती दहा मिनिटं तिला नंतर कुणी परत दिली असती तर तिने उरलेलं आयुष्य देऊन टाकलं असतं.

“अगं, ओठ जड झालेत,” मास्तर म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हते. सूज दाढेचीच वाढतेय असं तिला वाटलं. मग त्यांचा श्वास वाजू लागला. हातातला खडू टेबलावरून घरंगळून खाली पडला आणि मास्तर, जे खडूचा तुकडाही वाया जाऊ देत नसत, तो उचलायला वाकले नाहीत. तेव्हा ती दाराकडे धावली आणि समोर हाक मारली.

तिच्या हाकेने इस्त्रीवाली धावत आली. रस्त्यावरची रिक्षा तिनेच थांबवली. काजवालीने एका हाताने नवऱ्याला धरलं आणि दुसऱ्या हातात तो डबा घेतला. डबा का घेतला हे तिलाही सांगता आलं नसतं. आजारपणात तोच हातात धरायची सवय होती.

दवाखान्यातली डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची होती. मास्तरांना आत नेता नेताच तिने इंजेक्शन मागवलं, आणि मान वळवून विचारलं, “काय दिलंत? नाव सांगा.”

“पांढरी. लांबट.”

“नाव, बाई, नाव!”

काजवालीने डबा उघडून पुढे केला. डॉक्टरने त्या रंगीत बाटल्यांवरून नजर फिरवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

“कुठल्या औषधाची ॲलर्जी होती यांना?”

“लाल-पिवळी कॅप्सूल. ती मी दिलीच नाही, शपथ घेते. बावीस वर्षांत कधी दिली नाही.”

“आणि ही पांढरी कुणाला, कशासाठी दिली होती?”

“मला, घशासाठी. सात दिवसांची होती. मी तीनच दिवस...”

डॉक्टर आत पळाली. तासाभराने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. तिने काजवालीला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि मास्तर गेल्याचं सांगितलं. श्वासाची नळीच सुजून बंद झाली होती. यायला उशीर झाला होता.

“पण ती लाल-पिवळी नव्हती,” काजवाली म्हणाली.

“रंग कंपनी ठरवते, काकू. तेच औषध कुणी लाल-पिवळं करतं, कुणी पांढरं. आतलं एकच.”

काजवालीने मान हलवली. तिला कळलं होतं. तरी ती घरी येईपर्यंत इस्त्रीवालीला तेच सांगत राहिली की ती लाल-पिवळी नव्हती.

मुलगी संध्याकाळी पोचली. दवाखान्याच्या कागदावर ‘औषधाची तीव्र प्रतिक्रिया’ असं लिहिलेलं तिने वाचलं. दोन दिवस ती रडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे पुसून उभी राहिली. बापासारखीच होती ती, एकदा खडू हातात घेतला की रेघ ओढल्याशिवाय सोडणारी नव्हे.

“कुठल्या डॉक्टरने लिहून दिली ती गोळी?”

काजवालीने पदराला चिकटलेला दोरा काढायला घेतला.

“आई, बाबांना काय चालत नाही हे न विचारता त्याने दिलीच कशी? का दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिली? नाव सांग. मी त्याला कोर्टात खेचते. सोडणार नाही.”

“आता भांडून काय होणार,” काजवाली पुटपुटली.

“काय होणार? उद्या दुसऱ्या कुणाचा बाप मरायचा थांबेल!”

सांगून टाकावं असं काजवालीला वाटलं. शब्द ओठापर्यंत आलेही. पण ज्या मुलीला सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिच्या डोळ्यांत आपण कशा दिसू, या विचाराने तिने ते परत गिळले. नवरा तर गेलाच, आता ही एकच उरली आहे, हिलाही कसं घालवू? ती गप्प बसली. आणि त्या गप्प बसण्याची तिला स्वतःलाच शिसारी आली.

तेवढ्यात दारात इस्त्रीवाली आली. बिचारी भली बाई. तिच्या मुठीत कागदाची पुडी होती.

“या तुझ्या सहा गोळ्या,” ती काजवालीला म्हणाली. “सुनेसाठी गेल्या महिन्यात नेल्या होत्या. तुझ्यावर एवढं संकट कोसळलं, तुझं काही माझ्याकडे राहायला नको. डब्यात टाक.”

मुलीने आधी पुडीकडे पाहिलं, मग आईकडे.

“कुठल्या डब्यात?”

मुलगी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती डबा घेऊन बाहेर आली, झाकण काढलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

“फेकला म्हणाली होतीस.”

“हो.”

“बाबांना यातली दिलीस?”

“हो. दाढ सुजली होती गं त्यांची. मी म्हटलं, कशाला उद्यापर्यंत...”

मुलीने डबा पालथा केला. बाटल्या फरशीवर गडगडल्या. एकीचं झाकण उडालं आणि पांढऱ्या गोळ्या इस्त्रीवालीच्या पायांशी पसरल्या. ती पुडीसकट मागे सरली. डब्याच्या तळाशी एक जुनी, पिवळी पडलेली मापाची चिठ्ठी चिकटून बसली होती, दुकानातली, मास्तरांच्या अक्षरातली. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही साडेतेवीस. मुलीने ती नखाने सोडवली.

“ती राहू दे,” काजवाली घाईने म्हणाली. “तुझ्या बाबांचं अक्षर आहे. स्वतःसाठी कोट शिवणार होते, त्याचं माप. कोट राहिलाच. मी दर महिन्याला डबा पुसते, पण ती कधी काढली नाही.”

मुलीने चिठ्ठी उलटी केली. मागे दुसऱ्या कुणाचं अक्षर होतं, शाई फिकट झालेली, पण एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ, कुणालाही वाचता यावा असा लिहिलेला. तिने मोठ्याने वाचलं.

“यांना पेनिसिलिन किंवा त्या जातीचं कुठलंही औषध कधीही देऊ नये. रंग कुठलाही असो, कंपनी कुठलीही असो. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हा कागद दाखवा. जपून ठेवा.”

काजवालीला ते पिशवीतलं चिटोरं आठवलं. घरी आल्यावर जपून ठेवायचं म्हणून तिनेच ते औषधांच्या डब्यात ठेवलं होतं. मापाची बाजू वर करून.

“जपून ठेवलं होतं गं,” ती म्हणाली.

मुलीने चिठ्ठी पुन्हा उलटून बाबांची मापं पाहिली. मग अगदी हळू म्हणाली, “मग आता मी कुणाशी भांडू?”

“माझ्याशी भांड,” काजवाली म्हणाली. “भांड गं माझ्याशी. काहीतरी बोल.”

पण मुलगी भांडली नाही. ती गुडघ्यांवर वाकली आणि फरशीवरच्या गोळ्या एक एक करून वेचू लागली. रंग न बघता, सगळ्या एकाच मुठीत.