नव्यासारख्या चकत्या

बाबांना आता घरातलं कोणीच ओळखू येत नव्हतं. आरशातल्या म्हाताऱ्याला ते "बसा ना, उभे का?" म्हणायचे, आणि मुलीला "बाई". मात्र संध्याकाळी टेबलावर पोकरच्या चकत्यांचा डबा उघडला की त्यांच्या आत कुठेतरी दिवा लागायचा. मुलीसमोरच्या ढिगाकडे बघून ते हसायचे. "काय चिल्लर, आजपण एकाच्याच उरल्या वाटतं?"

चिल्लर हे तिचं लहानपणचं नाव. मोठ्या आकड्यांच्या चकत्या ती हां हां म्हणता हरायची आणि शेवटी एकाच्या तेवढ्या कवटाळून बसायची, म्हणून. बाजी काय, तर जिंकेल त्याने डब्यातलं शेवटचं बिस्किट खायचं. आता चिल्लरचे केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, पण त्या एका हाकेवर तिचा दिवस निघायचा.

चकत्या सगळ्या एकाच मातकट रंगाच्या. किंमत कळायची ती मधल्या गोल लेबलावरच्या इंग्रजी आकड्यावरून, आणि इतक्या वर्षांच्या बोटांनी ते आकडे पुसून नेले होते. एका संध्याकाळी बाबांनी चकती डोळ्यांपाशी नेली, उलटीसुलटी केली आणि टेबलावर आपटली. "यावर काहीच नाही. फसवताय मला?" त्यानंतर ते खेळायला बसेनात. खेळ गेला, आणि खेळाबरोबर ती हाकही.

भांडी पुसता पुसता तिने हात जोडले, फडक्यासकट. देवा, बरं कर म्हणत नाही. त्यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकव, बस.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती लेबलवाल्याकडे गेली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपासून दारावरच्या पाट्यांपर्यंत सगळं करणारा माणूस. दुकान एवढंसं आणि पोट दुकानभर. त्याने एक चकती भिंगाखाली धरली.

"ताई, ही तर टक्कल पडलेली आहे. सगळ्यात कमी खेळलेली कुठली?"

"शंभराची. ती बाबा कधी लावायचेच नाहीत. चांगले पत्ते येऊ देत, म्हणायचे."

"आले का मग?"

"नाही वाटतं."

शंभराच्या चकतीवर एक आणि शून्य शाबूत होते. संगणकावर त्याने निरनिराळ्या वळणांचे आकडे शेजारी शेजारी लावून पाहिले. मग मान हलवली. "एक काय, सगळ्यांचा सारखाच, काठीसारखा. शून्याचंही तेच. पाच आणा मला. पाच स्वभाव लपवत नाही. वरची पट्टी, मान, पोट, सगळं उघडं."

पण पाचाच्या चकत्या सगळ्यात जास्त फिरलेल्या. घरी येऊन तिने डबा पालथा केला, कपाटं उपसली. आणि मग तिला आई आठवली. आईच्या शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगायचा. त्याखाली आईने एक चकती सारली होती आणि बाबा कितीतरी दिवस घरभर शोधत होते. "एक पाचाची कमी आहे," ते म्हणायचे. आई मान खाली घालून टीप मारत राहायची.

तिने मशीन कलतं केलं. चकती होती. तोंड खाली करून बसलेली, लेबल कोरं करकरीत, आकडा ठळक.

लेबलवाला ती बघून खुलला. "हा बघा, सापडला चोर. हे वळण आजही मिळतं, पण नव्यात पाचाचं पोट आत घेतलंय. व्यायाम करून आल्यासारखं." स्वतःच्या पोटावरून हात फिरवत तो म्हणाला, "मी हाताने परत सोडतो." त्याने रेघ न् रेघ जुळवली. मग विचारलं, "कागद कुठला घेऊ? बाकीच्यांची लेबलं पिवळट झालीत. हिचं पांढरं आहे."

"पांढरा."

"ऐका माझं, थोडा जुनाट घेऊ. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांना सवय असते."

"नको हो. आणल्या तेव्हा होत्या तश्शा पाहिजेत. हुबेहूब."

आणि तशाच झाल्या. त्या संध्याकाळी डबा उघडला तेव्हा बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी झरझर चकत्या वाटल्या, पत्ते पिसले. एकही आकडा चुकला नाही. ती मुद्दाम हरत गेली. पन्नासाच्या गेल्या, दहाच्या गेल्या, पाचाच्या गेल्या. समोर एकाच्या उरल्या तशी ती हात मांडीत घेऊन वाट बघत बसली.

बाबांनी तिच्या ढिगाकडे पाहिलं. मग अदबीने पत्ते खाली ठेवले.

"छान खेळता हो तुम्ही, बाई. आमच्याकडेही अगदी असाच डबा आहे. नुकताच आणलाय." ते उठले. "पण मला निघायला हवं. चिल्लर वाट बघत असेल."

तिने विचारलं, "कोण चिल्लर?"

"मुलगी माझी. एवढीशी आहे. सगळं हरते, पण रडत नाही हं." एक चकती उचलून ते संकोचले. "रागावणार नसाल तर ही पाचाची नेऊ? आमच्यातली एक हरवलीय."

"न्या ना," ती म्हणाली.

देवाने ऐकलं होतं. मागितलं तेवढं, अगदी तेवढंच दिलं होतं.

तिने त्यांना कोट घातला, बुटांचे बंद बांधले. "चला, सोडते तुम्हाला घरापर्यंत." दोघं जिना उतरले, गल्लीला वळसा घालून त्याच जिन्याने वर आले. वाटेत ते तिच्या हाताचा आधार घेत होते आणि दर थोड्या वेळाने खिसा चाचपत होते.

तिने त्यांच्या मागूनच हात पुढे करून कुलूप काढलं. दार उघडताच बाबांनी चकती वर धरली.

"चिल्लर, बघ गं, काय आणलंय."

"आले, बाबा," ती त्यांच्या पाठीमागून म्हणाली.

ते वळले नाहीत. चकती धरलेला हात तसाच ठेवून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले.