वस्ती नाही

अयूबने नकाशा इसरूच्या खाटेवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि आजूबाजूची घरं मोजायला लागला. बावीस भरली. पुन्हा मोजली, कमी होईनात.

नकाशावर याच जागी त्याच्याच अक्षरात 'वस्ती नाही' असं लिहिलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी नाल्याला पूर होता, म्हणून ती पाहणी त्याने एटापल्लीच्या चहाटपरीवर बसूनच उरकली होती. भूमापकाच्या नोकरीत एकोणीस वर्षं काढली की जमीन न पाहताही दिसायला लागते. आता साहेबांनी खात्री करायला धाडलं होतं.

"कोण येऊन राह्यले म्हणता इथी?" इसरूने विचारलं. गावात सगळ्यांत म्हातारा तोच.

"व्हिएतनाम म्हणून देश हाये, इसरूभाऊ. तिथून नावेत बसून पळाले लोकं, समुद्रातून. वीस वर्षं झाली, कोणी ठेवून नाई घेत. शंभरेक कुटुंबं इथी वसवा, असा प्रस्ताव हाये वरून."

प्रस्तावात कारणंही होती. त्या लोकांना भात पिकवता येतो, बांबू कळतो, जंगलाची भीती नाही. समुद्राची उणीव एका तलावाने भरून काढता येईल, असं टिपणीत नमूद होतं.

इसरूची बायको सोमारी धान पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"लेकरं घेऊन निघाले, पाण्यातून?"

"हो, बाई."

इसरूने विचारलं, "किती देवांचे हायेत ते?"

इकडे भाऊ कोण आणि सोयरा कोण, हे घराण्याच्या देवांच्या आकड्यावरून ठरतं, हे अयूबला ठाऊक होतं. प्रस्तावात मात्र तो रकाना नव्हता.

"तुमचे किती, अयूबभाऊ?"

"आमचा एकच."

"एकटा पुरते तुमाले?" सोमारी हसली.

"आमी सहा देवांचे," इसरूने निकाल दिला. "त्याइले पाचात घेऊ. मंग पोरी देता-घेता येतीन. नाल्याकडची जागा द्या त्याइले. पाण्याची सवय हाये."

अयूबने वहीत 'घरे बावीस' असं लिहिलं आणि दोनदा गिरवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब खुशीत होते.

"प्रस्ताव बारगळला, अयूबभाऊ. त्या लोकांना त्यांच्याच देशात परत धाडतायत."

अयूबचा जीव भांड्यात पडला. "मंग कागद फाडू?"

"फाडता कशाला? रिकामी जमीन आयती सापडलीय. खाणवाल्यांचं पत्र येऊन पडलंय."

"साहेब, तिथी बावीस घरं हायेत."

साहेबांनी जुना अहवाल काढला, सावकाश वाचला, चष्मा उतरवला.

"श्रावणात एकही नव्हतं. तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं होतं ना?"

अयूबने खिशातली वही चाचपली. खोट्या अहवालापायी मागच्या वर्षी एक तलाठी घरी बसला होता. घरी बायको नजमा होती, लेक आयशाचं कॉलेज होतं. बाहेर शिपाई कुणाला तरी हाका मारत होता.

"हो, साहेब."

"म्हणजे हे लोक दोन महिन्यांत घुसलेत." साहेबांनी अतिक्रमणाचा फॉर्म पुढे सरकवला. "कुठून आले, तेवढं लिहा. बाकी मी बघतो."

अयूबने पेनाचं टोपण काढलं. रकाना अरुंद होता.

"एकाच गावाहून आले लिहू, साहेब," त्याने विचारलं, "का दोन?"