चार नंबरचं बटण

मी एक जुना मिक्सर आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्या पोटात पाती नाहीत आणि मी जन्मात कधी काही वाटलेलं नाही. मी आवाजाचा मिक्सर. चर्चमध्ये गाणाऱ्यांचे माईक, गिटार, ऑर्गन, या सगळ्यांच्या वायरी माझ्या पाठीत खुपसलेल्या असत. प्रत्येक आवाजासाठी माझ्या अंगावर एक सरकतं बटण आहे. ते वर नेलं की आवाज मोठा होतो, पार खाली ओढलं की बंद. सोळा बटणं आहेत. त्यातल्या चार नंबरच्या बटणाची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण सांगायची लाज वाटते.

मी एका कारखान्यात लांबलचक टेबलावर जन्मलो. एका बाईंनी माझी बटणं एकेक करून बसवली आणि प्रत्येक तीनदा वर-खाली करून पाहिलं. मग मी खोक्यात बसून या चर्चमध्ये आलो. त्या वेळी इथे गायला फक्त दोन म्हातारे होते आणि त्यांचंही आपसात पटत नसे. पाळकसाहेबांनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांना बोलावलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हाला कान आहे. आपल्याच माणसांचं एक पथक उभं करा. पगारी कुणी नको. जे मनापासून येतील त्यांना घ्या आणि शिकवा."

मास्तरांनी दारावर कागद लावला. अकरा जण आले, महिनाभरात पाच उरले. एक बसचा ड्रायव्हर गिटारवर. दोघी नर्स बहिणी, त्यांतली थोरली गायची आणि धाकटी पडद्यावर गीतांचे शब्द दाखवायची. एक वायरमन, तो माझ्याजवळ बसायचा. आणि शिवणकाम करणारी एक ताई.

मास्तर शिकवायचे मात्र मन लावून. ड्रायव्हर प्रत्येक गीत असं हाणायचा, की जणू सिग्नल सुटलाय आणि मागून हॉर्न वाजतोय. मास्तर त्याच्या शेजारी बसून चार महिने टाळ्यांनी ठेका देत राहिले. "अरे, उतरणाऱ्यांना उतरू दे, मग गाडी काढ," असं म्हणायचे. धाकटी नर्स कायम एक ओळ मागे असायची, तिला त्यांनी श्वासावरून ओळ ओळखायला शिकवलं. वायरमनला तर कान बंद करून नुसतं बघायला लावलं, कोण कधी तोंड उघडतं ते. शनिवारी दुपारी सराव चालायचा, आणि त्या खोलीत कुणी कुणाला हसायचं नाही.

ताईचा आवाज मोठा होता, पण सुरात नव्हता. सगळे वर चढले की ती खालीच राहायची. मास्तरांनी दोन शनिवार प्रयत्न केला. तिसऱ्या शनिवारी तिने सगळ्यांसाठी स्वतः शिवलेले निळे झगे आणले. मास्तरांचा झगा अंगासरशी बसला, माप न घेता. त्यानंतर तिला काही सांगायची त्यांची जीभच रेटेना.

पुढच्या महिन्यात वर्धापनदिनाची उपासना होती. बाहेरून पाहुणे यायचे होते. मास्तर वायरमनच्या कानाशी वाकून म्हणाले, "चार नंबर खाली घे. तेवढ्यापुरतं."

वायरमनने ताईच्या माईकचं ते बटण पार खाली ओढलं. पाहुण्यांनी पथकाची फार वाखाणणी केली. पुढच्या रविवारी बटण खालीच राहिलं. त्याच्या पुढच्याही. कुणी काही बोललं नाही आणि तेवढ्यापुरतं म्हणता म्हणता दोन वर्षं झाली.

आता माझा गुन्हा ऐका. ताईच्या पायाशी एक छोटा स्पीकर होता. त्यात तिला तिचा आवाज ऐकू यायचा, कारण ती वायर निराळी. आणि चार नंबरच्या बटणावरचा माझा हिरवा दिवा, बटण खाली असलं तरी, ती गायला लागली की लुकलुकायचा. उपासना संपली की ती माझ्यापाशी यायची आणि विचारायची, "दादा, आज बरोबर लागलं होतं ना सगळं? दिवा दिसत होता मला तिथून." वायरमन वायरी गुंडाळत म्हणायचा, "हो ताई, एकदम." मला हात नाहीत, मी बटण वर करू शकलो नसतो. पण दिवा माझा होता. दोन वर्षं मी त्या बाईशी दिव्याने खोटं बोललो.

मग धाकट्या नर्सने उपासनेचं माझ्यातून निघणारं रेकॉर्डिंग आजारी माणसांच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. ताईची आई अंथरुणाला खिळलेली होती. ती दर रविवारी दुपारी फोन उशाशी ठेवून ऐकायची. तिला ड्रायव्हरची गिटार ओळखू यायची, नर्सचा आवाज ओळखू यायचा. एक दिवस तिने लेकीला विचारलं, "तू कुठे आहेस यात?"

ताई म्हणाली, "आई, तुझे कान गेलेत."

पण त्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी तासभर आली. तिने रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं होतं, एकदा नव्हे, पाच रविवारांचं. हॉलमध्ये वायरमन एकटाच होता.

"माझ्या दिव्याचं बटण कुठलं, दादा?"

त्याने बोट दाखवलं. ती वाकून पाहू लागली. बाकीच्या बटणांच्या खाचा बोटांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या. चार नंबरच्या खाचेत वरपर्यंत धूळ साचली होती. शिलाई मशीनची धूळ रोज पुसणारी बाई ती, तिला आणखी काय सांगायला हवं? तिने नखाने ती धूळ काढली आणि बोटावर धरून पाहत राहिली.

मास्तर आले तेव्हाही ती तशीच उभी होती. त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे खाली बसले.

"ताई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मास्तर, झगा चुकीचा बेतला गेला तर मी गिऱ्हाइकाला सांगते, की बाई, हे उसवावं लागेल. लाज वाटते, पण सांगते." तिचा आवाज चढला नाही. "ड्रायव्हरभाऊंना चार महिने दिलेत. मला दोन शनिवार. मी काय मिरवायला आले होते? मी शिकायला आले होते."

ती निघून गेली. बाकीचे आल्यावर मास्तरांनी सगळं त्यांच्यासमोर कबूल केलं. मग कळलं, की प्रत्येकाला ते ठाऊक होतं. कुणी मान वर करेना. त्या दिवशी सराव झालाच नाही.

पुढचं मी वायरमनच्या तोंडून ऐकलं. तो आणि मास्तर तिच्या घरी गेले होते. ताई दुकानात होती, दार शेजारणीने उघडलं. ताईची आई, त्या आजी, खाटेवरूनच म्हणाल्या, "ती बेसूर गाते हे मला ठाऊक आहे. पाळण्यात होती तेव्हापासून ऐकतेय मी. पण बेसूर असली तरी मला ओळखू आली असती ना?"

मास्तर हात जोडून म्हणाले, "पुढच्या रविवारी ऐकू येईल, आजी."

पुढच्या रविवारी ताई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि सातव्या आठवड्यात आजी गेल्या.

अंत्यविधीची उपासना आमच्याच चर्चमध्ये झाली. ताई समोर माईकपाशी येऊन उभी राहिली. वायरमन जागेवरून उठला आणि त्याने मास्तरांना माझ्यासमोर बसवलं. मास्तरांनी घड्याळजीच्या त्या बारीक बोटांनी चार नंबरचं बटण वर नेलं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला त्यांनी खूण केली, की दोन पट्ट्या खालून धर. ताई गायली. दोन ठिकाणी घसरली, बाकी सगळं सुरात आलं. तिला फक्त खालची पट्टी हवी होती, मित्रांनो. दोन वर्षांत ती कुणी धरून पाहिली नव्हती. हॉलभर तिचा आवाज पहिल्यांदा गेला, आणि ज्यांनी तो मागितला होता त्या समोर शवपेटीत होत्या. मास्तरांचे डोळे माझ्यावर गळत होते, आणि मला वाटत होतं, आत पाणी जाऊन मी आत्ताच जळून गेलो तर बरं.

मी जळलो नाही. आणखी सहा वर्षं चाललो. पुढे ताई पथकात परत आली, पण मास्तरांशी कामापुरतंच बोलायची. त्यांनीही कधी जास्त मागितलं नाही. दर शनिवारी ते तासभर आधी यायचे आणि तिचा सराव घ्यायचे, एवढंच. मास्तर थकल्यावर पथक तिच्याकडे आलं. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी समोर बसवते आणि म्हणते, "इथे चुकलं की तोंडावर सांगतात. सोसेल का?" काही जण पुढच्या शनिवारी येत नाहीत. जे येतात ते टिकतात.

आता माझ्या जागी नवा, चकचकीत मिक्सर आहे. मला तुमच्या रविवारच्या शाळेच्या खोलीत, कपाटावर ठेवलंय. तुम्ही माझ्यावर वह्या ठेवता, त्याचं मला काही नाही. तुमच्यातलाही कुणीतरी गाताना घसरतो आणि बाकीचे एकमेकांकडे बघून गप्प बसतात, ते मला वरून दिसतं. मित्रांनो, तसं गप्प बसू नका. त्याच्याजवळ जा, चूक सांगा, आणि सांगून निघून जाऊ नका, शिकवायला थांबा. सांगताना लाज वाटेल, वाटू द्या. आम्ही उशीर केला. लाज तेवढीच राहिली, पण ज्यांना ऐकायचं होतं त्या राहिल्या नाहीत.