दोन मंगळवार आणि एक चादर

बोटीवर ज्याच्या कमरेला किल्ल्या त्याला मोठा मान, असं किनाऱ्यावरच्यांना वाटतं. काकांना विचाराल तर ते सांगतील, मान किल्ल्यांना असतो. आपली फक्त कंबर दुखते.

काका म्हणजे बोटीवरचा स्टुअर्ड. साहेबलोकांच्या खोल्या झाडायच्या, चादरी-टॉवेल बदलायचे, मेसमध्ये ताटं मांडायची. सत्तावीस वर्षं हेच. कॅप्टनपासून इंजिनात तेल घालणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना काका म्हणत, आणि काका मनातल्या मनात प्रत्येकाच्या नावाने एकेक पान उघडून ठेवत. हा टॉवेलने बूट पुसतो. हा उशीखाली बिस्किटं लपवतो. हा बायकोचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी तेवढी गादी सरळ करतो. माणूस कसा आहे ते त्याची चादर सांगते, असा त्यांचा दावा होता. या खेपेला तो सपशेल आपटला, कारण अख्ख्या बोटीवर सगळ्यात नीटनेटकी चादर चीफची, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालच्या साहेबाची, असायची. कोपरे दुमडलेले, एक सुरकुती शोधून सापडायची नाही.

आणि त्याच चीफच्या पायी काका आज बंदराजवळच्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत त्यांची चादरींची वही. ती त्यांनी घेतली नव्हती, बायकोने कोंबली होती.

"अहो, ही राहू द्या जवळ," ती म्हणाली होती.

"चौकशी किल्लीची आहे. चादरीची वही काय करू तिथे?"

"तुमचं डोकं त्या वहीत असतं. ते घरी ठेवून कुठे निघालात?"

भानगड अशी होती. बोटीवर एकच बाई, थर्ड ऑफिसर. सगळे तिला नुसतं 'थर्ड' म्हणत. पहिल्या दिवशी काकांनी तिला मॅडम म्हटलं, तर तिने असं तोंड केलं की काका मुकाट्याने 'अगं-तुगं'वर आले. तिने बोटीवरून उतरल्यावर तक्रार नोंदवली. चौदा तारखेला, मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला ती पहारा संपवून आपल्या खोलीत झोपली होती. चीफ ऑफिसरने मास्टर कीने, म्हणजे सगळ्या खोल्या उघडणाऱ्या एकुलत्या एक किल्लीने, दार उघडलं, आत आला आणि तिच्या तोंडावर हात दाबून तिच्यावर जबरदस्ती केली. चीफ म्हणत होता, असं काही घडलंच नाही. तिचा शब्द आणि त्याचा शब्द सोडला तर तिसरा पुरावा एकच: किल्लीचं रजिस्टर. ते काकांच्या ताब्यात, काकांच्या अक्षरात. त्यात स्वच्छ लिहिलेलं. चौदा तारीख, चीफने किल्ली नेली तीन वाजता, परत सव्वातीन. कारण, पाण्याची गळती.

एवढं सगळं लेखी असताना घोडं अडलं कुठे, असं कुणीही विचारेल. ते अडलं मंगळवारात.

पूर्वेकडे चाललेली बोट महासागराच्या मधोमध एक रेघ ओलांडते. रेघ कुणाला दिसत नाही, लाटेला तर मुळीच दिसत नाही. पण ती ओलांडली की कॅप्टन स्पीकरवरून जाहीर करतो: उद्या पुन्हा आजचीच तारीख. रात्री झोपायचं चौदा तारखेला, मंगळवारी. उठायचं चौदा तारखेला, मंगळवारी. ब्रिजवरच्या, म्हणजे जिथून बोट हाकतात तिथल्या, मोठ्या लॉगबुकात त्याला पहिला आणि दुसरा असे आकडे घालतात. काकांच्या छापील रजिस्टरात मात्र दर तारखेला एकच पान. दोन्ही मंगळवार त्याच पानावर, आणि त्यातली नोंद कुठल्या मंगळवारची, हे सांगायला पान तयार नव्हतं. तक्रारीच्या फॉर्मातही तारखेला एकच चौकट.

पहिल्या मंगळवारी तीन वाजता लाइफबोटीचं ड्रिल होतं. सगळे डेकवर, थर्डसुद्धा. हजेरीवर तिची सही. चीफचं म्हणणं, किल्ली मी नेली ती त्या ड्रिलच्या वेळी, खोल्या रिकाम्या झाल्या का ते पाहायला. दुसऱ्या मंगळवारी मी किल्लीला हातही लावला नाही. आणि गळती? गळतीचं काकांना विचारा, ते कारणाचा रकाना मनाने भरतात, अख्ख्या बोटीला ठाऊक आहे.

हे मात्र खरं होतं. रकाना रिकामा दिसला की कॅप्टन ओरडायचा. म्हणून काका आठवड्यातून तीनदा गळती आणि दोनदा 'बल्ब' लिहून मोकळे होत. बोट एवढी गळत असती तर केव्हाच तळाला गेली असती.

दोन आठवड्यांपूर्वी कंपनीच्या वकिलांचा घरी फोन आला होता.

"काका, ती नोंद ड्रिलच्या दिवशीचीच ना?"

"असेल साहेब."

"असेल म्हणजे आहे?"

"आता तुम्ही म्हणताय म्हणजे..."

मागोमाग जबाबाचा कागद आला, काकांनी सही केली. बायकोने विचारलं, वाचलात का? काका म्हणाले, वकिलाने लिहिलेलं स्टुअर्डने काय वाचायचं? खरी गोष्ट अशी की त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. दोन्ही दिवशी मंगळवार म्हणून भंडाऱ्याने, म्हणजे बोटीवरच्या आचाऱ्याने, तेच मासे केले होते, तीच कुरबुर झाली होती, तेच ढग होते. डोक्यात त्या दोन दिवसांची एकच घडी पडली होती.

आता तेच वकील समोर उभे होते. बूट इतके चकचकीत की काकांनी त्यांच्या नावाचं पान तिथल्या तिथे उघडलं: हा माणूस बूट दुसऱ्याकडून पुसून घेतो.

"दोनच वाक्यं बोलायची, काका. ड्रिलच्या दिवशी दिली. बाकी आठवत नाही."

"साहेब, एक विचारू? हा खटला कुठल्या पोलिसांचा?"

"तीच तर गंमत. बोटीवर झेंडा एका देशाचा, कंपनी दुसऱ्या, चीफ तिसऱ्या, ती मुलगी चौथ्या. आणि पाणी तर कुणाच्याच बापाचं नाही. म्हणून सोपं आहे."

"कुणाला सोपं?"

वकील हसले आणि फोनवर बोलत लांब गेले. काकांना उत्तर मिळालं की नाही, तेही कळलं नाही.

पलीकडच्या बाकावर थर्ड येऊन बसली. केस कापलेले. तिने काकांकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि समोरच्या भिंतीवरच्या आग विझवण्याच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत बसली.

आतली खोली छोटी. टेबलामागे चौकशी अधिकारी बाई. बोटीवर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाने पाठवलेल्या. चष्मा दोरीला अडकवलेला, चहा कपात गार झालेला. डावीकडे चीफ, कडक इस्त्रीत, आणि त्याच्या शेजारी वकील.

"काका, घरी सगळी ठीक ना?" त्याने विचारलं.

"ठीक," काका बोलून गेले, आणि आपण बोलायला हवं होतं का, या विचारात पडले. या माणसाने सहा महिन्यांत एकदा आवाज चढवला नव्हता. उलट काकांच्या कमरेला पट्टा आणून दिला होता. तो जमेला धरायचा की नाही?

बाईंनी चष्मा चढवला. "तुमची सही असलेला जबाब माझ्याकडे आहे. आज इथे एवढंच ठरायचं आहे, तक्रार पुढे पाठवायची की पुराव्याअभावी बंद करायची. ही नोंद पहिल्या मंगळवारची?"

"ड्रिलच्या दिवशी दिली," काका म्हणाले. पहिलं वाक्य झालं.

"ड्रिलच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

हे वकिलांनी पढवलं नव्हतं. 'आठवत नाही' हे दुसरं वाक्य जिभेवर आलं होतं. पण सत्तावीस वर्षांची सवय, आठवत नसलं की हात वहीकडे जातो. पिशवी कुरकुरली.

"हे काय आहे?" वकिलांनी विचारलं.

"चादरींची वही साहेब. एक जरी कमी भरली तरी माझ्या डोक्यावर येते, म्हणून." काकांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "हे बघा. दिवस एकशे बारा. ड्रिल. ब्लँकेटं सहा वर नेली, सहा खाली आणली, पैकी एक भिजलं. ड्रिलला होडीपाशी ब्लँकेटं नेणं हे माझं काम असतं."

"दिवस एकशे बारा म्हणजे कुठली तारीख?" वकील म्हणाले. "असा दिवस कॅलेंडरात नसतो."

"माझ्या कॅलेंडरात असतो. बोटीवर पाय ठेवला तो दिवस पहिला. कॅप्टनने एक मंगळवार दोनदा वाढला, म्हणून मी दिवस एकच कसा धरू? मला घरी जायचं असतं. बायकोही भिंतीवर हेच आकडे मांडते. त्या रेघेनंतर फोनवर आमची जुंपली होती. ती म्हणे पंधरा तारीख, मी म्हणे चौदा. आकडा मात्र दोघांचाही एकशे तेरा."

बाईंच्या ओठाची एक कड हलली. "म्हणजे एकशे बारा पहिला मंगळवार, एकशे तेरा दुसरा. ड्रिलच्या वेळी किल्लीचं कपाट?"

"बंद."

"चावी?"

"माझ्या कमरेला."

"आणि तुम्ही?"

"होडीपाशी. पावणेतीन ते पावणेचार. ब्लँकेटं धरून."

"मग तीन वाजता चीफना किल्ली कुणी दिली?"

काकांनी आपल्या कमरेकडे पाहिलं. तिथे आज किल्ल्या नव्हत्या, चीफने दिलेला पट्टा होता.

"मीच. माझं अक्षर आहे." डोक्यातली घडी सुटत होती आणि कुठलं टोक कुठल्या हाताला आलं ते उमगत नव्हतं. "पण त्या दिवशी देऊ नाही शकत. दुसऱ्या दिवशी दिली. म्हणजे त्याच दिवशी. तारीख तीच हो, दिवस दुसरा."

"काका, नीट आठवा," चीफ हळूच म्हणाला.

"आठवत नाहीये साहेब," काका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "हे मी आठवून नाही सांगत. हे लिहिलेलं आहे."

वकिलांनी सही केलेला कागद पुढे सरकवला. बाईंनी तो बाजूला ठेवला. "ड्रिल नसताना किल्ली द्यायला कॅप्टनची सही लागते. होती?"

"नव्हती."

"तरी दिलीत?"

"चीफ मागतो, स्टुअर्ड देतो." हे बोलताना आपली पुढची नोकरी टेबलावरून घरंगळताना त्यांना जवळजवळ दिसली. "कारण विचारलं नाही. कारण मीच लिहिलं."

"एकशे तेराचं पान वाचा."

काकांनी ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "थर्ड. चादर एक जादा, चार वाजता. जुनी परत नाही."

आता मात्र आठवलं, सगळंच. ती दारात उभी, केस ओले, हात पुढे. आणि आपण काय म्हणालो? काल तर बदलली, चादरी खातेस की काय गं? ती म्हणाली, हो काका, खाल्ली. आणि आपण हसलो. पुढे महिनाभर, जुनी चादर कुठंय म्हणून तिच्या मागे लागलो.

बाईंनी वहीच्या त्या दोन पानांची प्रत काढायला सांगितली. मग फॉर्म ओढला. तारखेच्या चौकटीत चौदा लिहिलं, थोडा विचार केला आणि वर बारीक अक्षरात 'दुसरा' असं लिहून खाली सही केली.

"तक्रार पुढे जाईल. तोवर चीफ ऑफिसरचं बोटीवर काम करायचं सर्टिफिकेट आमच्याकडे जमा राहील. आमच्या देशाचे सरकारी वकील आधी ठरवतील, खटला त्यांनी चालवायचा की आणखी कुणी."

"म्हणजे झालं की नाही झालं?" काकांनी विचारलं.

"तक्रार खोडली गेली नाही."

काकांना हे जमेत धरावं की नाही ते कळेना. त्यांनी मान हलवली.

बाहेर थर्ड त्याच बाकावर होती. काका तिच्या समोर उभे राहिले.

"तुला बोललो होतो मी. चादरीवरून."

"हो."

"मला कळलं नाही गं."

"कळलं असतं तर काय केलं असतं काका?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. काकांनी मनापासून शोधलं. किल्ली परत घेताना चीफच्या चेहऱ्याकडे पाहिलं असतं? कॅप्टनकडे गेलो असतो? की चादर देऊन गप्प बसलो असतो, नेहमीसारखा?

"माहीत नाही," ते म्हणाले.

ती थोडी सरकली, तेव्हा ते बाकावर बसले. मग ती म्हणाली, "ती मी समुद्रात टाकली. तुमच्या वहीत अजून एक कमी येत असेल."

"येते."

आतून तिच्या नावाने हाक आली आणि ती उठून गेली. काकांनी वही काढली. एकशे तेराच्या पानावर 'जुनी परत नाही' याच्या पुढे कारणाचा रकाना होता आणि त्यात त्यांनीच घातलेलं प्रश्नचिन्ह. आता कारण ठाऊक होतं. पेन टेकवलं. 'समुद्रात' लिहावं तर खरं होतं, पण कारण ते नव्हतं. 'गळती' लिहायला हात आपोआप वळत होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला.

फोन वाजला. बायको.

"झालं का?"

"काय माहीत," काका म्हणाले. "वही लागली पण."

"बघा. नाही म्हणत होतात. आता निघताय ना?"

काकांनी बंद दाराकडे पाहिलं. ती बाहेर येईपर्यंत थांबावं, की आपण समोर नसलेलं तिला बरं वाटेल?

"थोड्या वेळाने," ते म्हणाले, आणि रकाना तसाच रिकामा ठेवून वही मिटून मांडीवर घेऊन बसले.