खाली न उतरलेला संघ

राकेशची उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक भरली. पायलने गुडघ्याच्या वाटीच्या वर खूण करून टेप पुन्हा गुंडाळली, फरक तेवढाच. लिगामेंट तुटलेला असला की मांडीचा स्नायू असा हळूहळू आटत जातो. रायपूरच्या समता कॉलनीतल्या तिच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये असे पाय नेहमीच येत. हा पाय भावाचा होता. एमआरआय झाल्यापासून दोन वर्षं ती त्याला ऑपरेशन कर म्हणत होती.

राकेश ऐकत नव्हता, कारण त्याचे प्रशिक्षक देवीदासभैया म्हणत, नस ताणली आहे, व्यायामानं भरेल. मशीनले काय कळते, पोट्टा पळून राहिला ना. सिलतऱ्याच्या मैदानावर भैयांनीच त्याला फुटबॉल शिकवून घडवलं, आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगच्या एका क्लबापर्यंत पोचवलं. तिकडे जाताना राकेशने क्लबवाल्यांना सांगून ठेवलं होतं, माझं काहीही असलं तरी भैयांना विचारा.

आज भैया स्वतः आले होते, रविवारी सिलतऱ्याच्या मैदानावरच्या सामन्यात खेळ, असं त्याला सांगायला. पायलने त्यांना मापं सांगितली. क्लबाकडून खेळताना गुडघा दुखावला, तेव्हाच तिथल्या डॉक्टरला हे कसं दिसलं नाही, ते अजून कळत नाही, असंही म्हणाली.

"दिसलं ना," भैया म्हणाले. "त्यानं मले फोन केला होता."

राकेश टेबलावर उठून बसला.

भैया सांगत गेले, जुनी मॅच रंगवून सांगावी तसं. सीझनचे चार सामने उरलेले. संघ तळाशी, हरला तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. डॉक्टर म्हणत होता, लिगामेंट गेला, याला बसवा. भैयांनी सांगितलं, दुखणं दाबायची सुई देऊन खेळवा, पोराला नस ताणली म्हणा, बाकीचं नंतर पाहू. "आपला रायपूरचा पोट्टा देशाच्या पहिल्या लीगमधून खाली आला असता, ते चाललं असतं का?"

संघ वाचला होता. वर्षभरात मालकांनी क्लबच बंद केला. आता टीव्हीवर नवी लीग चमकत होती, आणि तिच्यात शेवटचा नंबर आला तरी कोणी खाली उतरत नव्हतं.

"मले काहून नाही सांगितलं, भैया?" राकेशने हळू आवाजात विचारलं.

"तूच तं म्हटलं होतं, भैयाले विचारा."

 पायलला वाटलं, आता दादा नेहमीसारखा हसेल, भैयांच्या पाया पडेल आणि बॅग उचलेल. भैयांनाही तसंच वाटलं असावं. सामना चारला आहे, जरा लवकर ये, असं सांगून ते दाराकडे वळले.

राकेश टेबलावरून उतरला. भैयांकडे न बघता तो बहिणीला म्हणाला, "पायल, ऑपरेशनची तारीख घे. मी आता नाही खेळत."