एकाच जागी बारा ठिगळं

माझी चूक झाली ती ठिगळात. नव्या शर्टाच्या ठिगळात.

आमचं शिंप्याचं दुकान. बाबा कापतात, मी कॉलरी आणि काज-बटणं बघते. निवडणुकीला दहा दिवस उरले असताना उमेदवाराच्या कार्यालयातून काम आलं: बारा शर्ट, कापड नवं, पण जुने शिवायचे. कॉलर विरलेली, उजव्या कोपरावर निळं ठिगळ. बाराही शर्टांना एकाच जागी, कारण लोकांना तो एकच शर्ट वाटायला हवा.

मी बाबांकडे बघत राहिले. उमेदवार शिंप्याचा मुलगा, एवढ्यावर बाबांनी अख्ख्या गल्लीची मतं शपथा घालून पक्की केली होती. रस्तारुंदीत आमची दुकानं जाणार अशी कुणकुण होती. आपल्यातला माणूस निवडून आला की दुकान वाचेल, हे बाबांचं गणित.

"बाबा, हा माणूस जुना शर्ट नवा शिवून घेतोय."

"अगं, प्रचारात घाम येतो. एकच शर्ट रोज धुणार कोण?"

झालं, विषय संपला. एकेक कॉलर विरवायला मला विटेचा तुकडा आणि अर्धी दुपार लागली. गरिबीला इतकी मेहनत लागते, हे घरात असूनही मला माहीत नव्हतं.

सातव्या शर्टाला ठिगळ डाव्या कोपरावर बसलं. तो शर्ट घालून साहेब सभेत गेले, फोटो छापून आला आणि विरोधकांनी भर चौकात विचारलं, "ठिगळ त्या हातावरून या हातावर पायी गेलं की बसने?"

दुसऱ्या दिवशी दुपारी उमेदवार स्वतः दुकानात हजर. कागदात गुंडाळलेला शर्ट काखेत. आता आमची धडगत नाही, असं मला वाटलं.

"ताई, जरा उठता का?" म्हणत ते माझ्या मशीनवर बसले. ब्लेडने ठिगळ उसवलं, सुईत दोरा एका झटक्यात ओवला आणि पाच मिनिटांत ते उजव्या कोपरावर बसवलं. बाबांचे डोळे भरून आले.

"साहेब, तुम्ही खरंच शिंप्याचे!"

"मग काय थापा मारतोय?"

मला राहवेना. "पण शिंप्याच्या मुलाची कॉलर विरलेली कशी? आमच्यात ती उलटवून लावतात. अर्ध्या तासाचं काम."

ते हसले. "माझ्या आईनेही कधी विरलेली कॉलर दिसू दिली नाही. पण नीट शर्टात मी कारकून दिसतो. कारकुनाला मत कोण देतं?"

बाबा पोट धरून हसले. हसता हसताच म्हणाले, "तेवढी आमची गल्ली सांभाळा, साहेब."

"ती तर पाडायची आहे," साहेब दातांनी दोरा तोडत म्हणाले. "जाहीरनाम्यात पान चार. तुम्हीच वाटलात ना घरोघर?"

बाबांच्या गळ्यातली टेप खाली पडली. ती कोणीच उचलली नाही.

"आठ महिने फिरतोय, मास्तर. लोकांनी बापाचा धंदा विचारला, बायकोशी पटतं का विचारलं, पितो का विचारलं. रस्त्याचं कोणी विचारलंच नाही. तुम्ही पहिले."

"पण तुम्ही तर आपले..."

"आपलाच आहे. वडिलांचं दुकानही त्याच रस्त्यात जातंय. दोन महिने झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत."

बाबा बाहेर धावले. अख्खी गल्ली काचेला नाक लावून उभी होती आणि शेजारचा घड्याळवाला मोबाइल उंच धरून होता.

"हा आपली दुकानं पाडणार आहे! आत्ता स्वतः म्हणाला!"

"ते असू द्या हो, मास्तर. दोरा बघितलात का? एका झटक्यात!"

"पान चार वाचा रे, पान चार!"

"असल्या माणसावर आळ घेता?" चावीवाला म्हणाला. "फोडलं वाटतं तुम्हाला विरोधकांनी."

"खरंय, मीही ऐकलं," मी म्हणाले.

"तू गप गं. ठिगळ तूच चुकवलंस ना?"

साहेब हात जोडून बाहेर आले. लोकांनी त्यांना खांद्यावरच घेतलं. मिरवणूक वळणावर गेली, तरी बाबा पायरीवर उभे राहून पान चार, पान चार ओरडत होते. जाता जाता चावीवाला घड्याळवाल्याच्या कानात म्हणाला, पण आम्हाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने, "मास्तर जळतात हो. त्याचा टाका यांच्यापेक्षा बारीक आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. निदान मी तरी नाही म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

पण टाका मी जवळून बघितला होता.